चढ (गणित)

सरळ रेषेच्या किंवा वक्राच्या तिरपेपणाचे जे माप निर्देशक भूमितीत वापरतात, त्यास चढ असे म्हणतात. रेषेवरून डावीकडून उजवीकडे जाताना आडव्या दिशेतील प्रत्येक एककामागे उभ्या दिशेत किती बदल होतो, हे चढ सांगतो. चढ ही लांबी नव्हे आणि कोनही नव्हे. ते दोन बदलांचे गुणोत्तर आहे. सरळ रेषेचा चढ तिच्यावर सर्वत्र सारखाच असतो व तो एका भागाकाराने मिळतो. वक्राचा चढ मात्र बिंदूगणिक बदलतो आणि तो काढण्यास नुसता भागाकार पुरत नाही. त्यासाठी सीमा ही कल्पना लागते. या अडचणीचा उलगडा करण्याच्या प्रयत्नातून सतराव्या शतकात कलनशास्त्राची एक मुख्य शाखा उदयास आली.

महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात रेषेचा चढ दहावीच्या भूमितीत, निर्देशक भूमितीच्या प्रकरणात येतो. वक्राचा चढ त्यानंतर कनिष्ठ महाविद्यालयात विकलनाच्या रूपाने भेटतो. या दोन टप्प्यांमध्ये बराच काळ जात असल्यामुळे हे दोन्ही एकाच कल्पनेचे भाग आहेत ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

संज्ञा

मराठीत या अर्थाने चढ, उतार, ढाळ, कल आणि प्रवणता असे अनेक शब्द आढळतात. पाठ्यपुस्तकांत चढ हा शब्द रूढ आहे. गवंडी गच्चीला किंवा मोरीला पाणी वाहून जाण्यापुरता जो तिरपेपणा देतात त्याला ते ढाळ म्हणतात. प्रवणता हा शब्द शास्त्रीय लेखनात दिसतो. बोलीतील चढ आणि उतार हे शब्द विरुद्धार्थी आहेत. एकच घाट जाणाऱ्याला चढ आणि येणाऱ्याला उतार असतो. गणितात असे दोन शब्द ठेवीत नाहीत. पाहण्याची दिशा एकदाच डावीकडून उजवीकडे अशी ठरवून घेतात. त्या दिशेने रेषा वर जात असेल तर चढ धन आणि खाली येत असेल तर चढ ऋण. म्हणजे बोलीतला उतार हा गणितात ऋण चढ होय. दिशा आधीच ठरलेली असल्याने प्रवासी कोणीकडून निघाला याने चिन्ह बदलत नाही.

सरळ रेषेचा चढ

रेषेवरील कोणतेही दोन भिन्न बिंदू (क्ष₁, य₁) आणि (क्ष₂, य₂) घेतले आणि क्ष₁ व क्ष₂ हे समान नसतील, तर त्या रेषेचा चढ म पुढील सूत्राने मिळतो.

म = (य₂ − य₁) ÷ (क्ष₂ − क्ष₁)

उदाहरणार्थ, (२, ३) आणि (६, ११) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ (११ − ३) ÷ (६ − २) म्हणजे ८ ÷ ४ = २ आहे. उजवीकडे एक एकक सरकले की रेषा दोन एकके वर जाते. (−३, ५) आणि (१, −३) या बिंदूंसाठी अंश −३ − ५ = −८ आणि छेद १ − (−३) = ४ येतो; म्हणून चढ −२. बिंदूंचा क्रम उलटा घेतला तर अंश व छेद दोहोंची चिन्हे बदलतात आणि उत्तर तेच राहते. मात्र अंशात एक क्रम आणि छेदात दुसरा क्रम घेतला, तर उत्तराचे चिन्ह उलटे येते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या प्रकरणातील चुकांचे हे एक कारण असते. ऋण संख्या वजा करताना कंस न लिहिणे हे दुसरे कारण.

बिंदूंची कोणतीही जोडी घेतली तरी एकच उत्तर का यावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. रेषेवरील दोन बिंदूंमधून एक आडवा आणि एक उभा रेषाखंड काढला की काटकोन त्रिकोण तयार होतो. दुसऱ्या जोडीपासून दुसरा काटकोन त्रिकोण मिळतो. आडवे रेषाखंड परस्परांना समांतर असल्यामुळे ते मूळ रेषेशी समान कोन करतात आणि हे दोन त्रिकोण समरूप ठरतात. समरूप त्रिकोणांच्या संगत बाजूंचे गुणोत्तर समान असते, म्हणून चढही समान असतो. रेषेच्या चढाची सारी इमारत या एका प्रमेयावर उभी आहे. वक्रावर असे त्रिकोण समरूप नसतात, म्हणूनच तेथे अडचण उद्भवते.

क्ष-अक्षाला समांतर असलेल्या रेषेवर उभा बदल होत नाही. तिचा चढ शून्य. य-अक्षाला समांतर रेषेवर आडवा बदल शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून तिचा चढ ठरवता येत नाही. चढ शून्य असणे आणि चढ नसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रेषा सपाट रस्ता आहे, दुसरी भिंत आहे.

रेषेचे समीकरण य = म·क्ष + क या रूपात लिहिले असता क्ष चा सहगुणक म हाच तिचा चढ असतो, आणि रेषा य-अक्षाला (०, क) या बिंदूत छेदते. ३क्ष + २य = १२ हे समीकरण य = −(३/२)क्ष + ६ असे मांडले की चढ −३/२ आहे हे लगेच दिसते. इंग्रजी पुस्तकांत चढासाठी एम हे अक्षर वापरतात. चढणे या अर्थाच्या मोंते या फ्रेंच क्रियापदावरून देकार्तने ते घेतले अशी कथा वर्गावर्गांतून सांगितली जाते. तिला आधार नाही. देकार्तच्या लेखनात हे अक्षर चढासाठी आलेले नाही.

समांतर रेषांचे चढ समान असतात. एकही रेषा य-अक्षाला समांतर नसेल, तर परस्परांना लंब असलेल्या दोन रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो. २ चढ असलेल्या रेषेला लंब असलेल्या रेषेचा चढ −१/२ असतो. याचे कारण सोपे आहे. चढाचा काटकोन त्रिकोण ९० अंशांत फिरवला की त्याची आडवी बाजू उभी होते, उभी बाजू आडवी होते आणि एका बाजूची दिशा उलटते. तीन बिंदू एकरेषीय आहेत की नाहीत हेही चढावरून तपासता येते. पहिल्या व दुसऱ्या बिंदूंतून मिळणारा चढ आणि दुसऱ्या व तिसऱ्या बिंदूंतून मिळणारा चढ सारखा असेल तर ते बिंदू एकाच रेषेवर असतात.

चढ आणि कोन

रेषा क्ष-अक्षाच्या धन दिशेशी अ मापाचा कोन करीत असेल, तर तिचा चढ टॅन अ इतका असतो. टॅन म्हणजे काटकोन त्रिकोणातील कोनासमोरील बाजू आणि लगतची बाजू यांचे गुणोत्तर. चढाच्या त्रिकोणात तेच उभा बदल आणि आडवा बदल यांचे गुणोत्तर असते. ४५ अंशांच्या कोनाला चढ १ येतो. पण कोन दुप्पट केला तर चढ दुप्पट होत नाही. ३० अंशांचा चढ सुमारे ०.५८ आहे, तर ६० अंशांचा चढ सुमारे १.७३, म्हणजे बरोबर तिप्पट. कोन ९० अंशांकडे जाऊ लागला की चढ कोणत्याही मर्यादेपलीकडे वाढतो.

हा संबंध दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घेतले असेल तरच कागदावर दिसतो. आलेखकागदावर क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = १० एकके असे प्रमाण घेतले, तर कोनमापकाने ४५ अंश भरणाऱ्या रेषेचा खरा चढ १० असतो. म्हणून आलेखावरून चढ काढताना कोन मोजू नये, अक्षांवरील आकडे वाचावेत. वृत्तपत्रांतील आलेखांत उभ्या अक्षाचे प्रमाण ताणून किरकोळ वाढ कड्यासारखी उभी दाखवता येते ती याच कारणाने. डोळ्यांना कोन दिसतो, चढ दिसत नाही.

लोहमार्ग, रस्ते आणि उतरणी

अभियांत्रिकीत चढ १:३७ किंवा ३७ मध्ये १ असा लिहितात. ३७ मीटर अंतरामागे १ मीटर उंची, असा त्याचा अर्थ. मुंबई–पुणे लोहमार्गावरील बोरघाटात आणि मुंबई–नाशिक मार्गावरील थळघाटात सर्वाधिक चढ १:३७ आहे. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली सुरू झाला. १ ला ३७ ने भागले असता ०.०२७ येतात, म्हणजे चढ सुमारे २.७ टक्के आणि कोन सुमारे १.५५ अंश. नुसत्या डोळ्यांना हा कोन जवळजवळ सपाटच वाटेल. तरीही पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड अल्प असल्याने एवढ्या चढासाठी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. नेरळ–माथेरान या १९०७ साली सुरू झालेल्या अरुंदमापी मार्गावर चढ १:२० पर्यंत जातो. नीलगिरी पर्वतीय रेल्वेवर तो सुमारे १:१२ होतो आणि तेथे चाकांच्या पकडीवर विसंबता येत नाही. रुळांमधील दातेरी पट्टीत इंजिनाचे दातेरी चाक अडकवून गाडी वर चढवतात. सार्वजनिक इमारतींतील व्हीलचेअरच्या रॅम्पलाही १:१२ हीच कमाल मर्यादा मानली जाते. दीड वीत उंचीच्या पायरीलाही किती लांब रॅम्प लागतो, हे या प्रमाणावरून कळते. ३० सेंमी उंची चढण्यासाठी ३६० सेंमी आडवे अंतर हवे.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. गणितातील चढ आडव्या अंतराने भागून काढतात; रुळावर किंवा रस्त्यावर प्रत्यक्ष मोजलेले अंतर मात्र तिरपे असते. त्याने भागल्यास टॅनऐवजी साइन मिळते. १:३७ सारख्या चढाला दोन्ही उत्तरांतील फरक पाचव्या दशांश स्थळी दिसतो आणि तो सोडून देता येतो. उभ्या डोंगरावर मात्र तसे करता येत नाही. तसेच १०० टक्के चढ म्हणजे उभा कडा नव्हे. तो ४५ अंशांचा चढ होय.

सरासरी चढ काढतानाही गुणोत्तराचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. एका रस्त्याचे पहिले २ किलोमीटर १:२० चढाचे आणि पुढचे ६ किलोमीटर १:६० चढाचे आहेत असे मानू. दोन्ही टप्प्यांत १०० मीटरच उंची वाढते. एकूण २०० मीटर उंचीला ८००० मीटर अंतराने भागले की सरासरी चढ १:४० येतो. दोन चढांची साधी सरासरी काढली असती तर १:३० आले असते आणि ते चुकीचे ठरले असते. अपूर्णांकांची सरासरी घेण्यापूर्वी त्यांचे छेद काय मोजतात हे पाहणे आवश्यक आहे.

वक्राचा चढ

चढ काढण्यास दोन बिंदू लागतात. वक्राच्या एकाच बिंदूशी चढ किती, असा प्रश्न विचारला तर दुसरा बिंदू कोठून आणायचा? तोच बिंदू दुसऱ्यांदा घेतल्यास अंशही शून्य आणि छेदही शून्य होतो, व ० ÷ ० याला काही अर्थ उरत नाही. दूरचा बिंदू घ्यावा तर मिळणारा चढ त्या बिंदूशी असलेला नसतो, दोन बिंदूंमधील सरासरी असतो. या पेचातून वाट काढणे हाच वक्राच्या चढाचा खरा विषय आहे.

य = क्ष² हा अन्वस्त घेऊन (१, १) या बिंदूशी चढ काढू. त्या बिंदूतून आणि वक्रावरील दुसऱ्या एखाद्या बिंदूतून जाणारी रेषा म्हणजे छेदिका. दुसरा बिंदू (२, ४) घेतला तर छेदिकेचा चढ ३ येतो. क्ष = १.५ घेतल्यास २.५, क्ष = १.१ घेतल्यास २.१, क्ष = १.०१ घेतल्यास २.०१ आणि क्ष = १.००१ घेतल्यास २.००१. डाव्या बाजूने येताना क्ष = ०.९ ला १.९ आणि क्ष = ०.९९ ला १.९९ मिळतात. दोन्ही बाजूंनी हे चढ २ कडे सरकतात, पण कोणत्याही टप्प्यावर ते २ होत नाहीत.

आकड्यांच्या या रांगेमागचे कारण बीजगणित सांगते. दुसऱ्या बिंदूचा क्ष-निर्देशक १ + ह असा मानू. ह ही शून्येतर संख्या आहे. तेव्हा छेदिकेचा चढ

[(१ + ह)² − १] ÷ ह = (२ह + ह²) ÷ ह = २ + ह

असा येतो. ह शून्य नसल्यामुळे ह ने भागणे वैध आहे. आता ह शून्याच्या हवा तितका जवळ नेला, तर २ + ह ही राशी २ च्या हवी तितकी जवळ जाते. या २ ला त्या गुणोत्तराची सीमा म्हणतात, आणि तीच (१, १) या बिंदूशी वक्राच्या चढाची व्याख्या आहे. येथे ह ला शून्य केलेले नाही. ह शून्याकडे जात असताना गुणोत्तर कोठे जाते, एवढेच पाहिले आहे. शून्याने भागण्याचा प्रसंगच येत नाही.

तीच रीत वक्रावरील कोणत्याही बिंदूस लावता येते. क्ष या ठिकाणी गुणोत्तर २क्ष + ह येते व त्याची सीमा २क्ष असते. म्हणजे य = क्ष² या वक्राचा चढ क्ष = ३ येथे ६, क्ष = −२ येथे −४ आणि तळाच्या बिंदूशी ० आहे. अशा रीतीने मूळ फलनापासून मिळणाऱ्या चढाच्या नव्या फलनाला विकलज किंवा अवकलज म्हणतात, आणि ते काढण्याच्या क्रियेला विकलन. य = क्ष³ चे विकलज ३क्ष² आणि सर्वसाधारणपणे य = क्षⁿ चे विकलज (येथे ⁿ म्हणजे कोणताही धन पूर्णांक घातांक) त्या घातांकाने गुणून घात एकने कमी केला की मिळते. बेरजेचे विकलज हे विकलजांच्या बेरजेइतके असते; गुणाकाराला मात्र हा सोपा नियम लागू होत नाही.

(१, १) या बिंदूतून जाणारी २ चढाची रेषा य = २क्ष − १ ही तेथील स्पर्शिका होय. वर्तुळाच्या अभ्यासामुळे स्पर्शिका म्हणजे वक्राला एकाच बिंदूत भेटणारी रेषा अशी समजूत घट्ट झालेली असते. वर्तुळापुरती ती खरी आहे, इतर वक्रांना ती लागू पडत नाही. क्ष = १ ही उभी रेषा य = क्ष² ला एकाच बिंदूत भेटते, पण ती स्पर्शिका नाही. उलट य = क्ष³ या वक्राची (१, १) येथील स्पर्शिका य = ३क्ष − २ ही त्याच वक्राला (−२, −८) येथे पुन्हा छेदते. म्हणून स्पर्शिकेची व्याख्या ती किती बिंदूंत भेटते यावरून न करता तिच्या चढावरून करतात.

वर्तुळावर मात्र जुनी आणि नवी रीत यांचा मेळ पाहता येतो. क्ष² + य² = २५ या वर्तुळावरील (३, ४) या बिंदूपर्यंतच्या त्रिज्येचा चढ ४/३ आहे. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते या प्रमेयावरून स्पर्शिकेचा चढ −३/४ ठरतो. विकलनाने काढला तरी हेच उत्तर येते.

चढ आणि वेग

आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेतले, तर आलेखाचा चढ म्हणजे वेग. अशा वेळी चढाला मीटर प्रति सेकंद यांसारखे एकक असते. हवेचा विरोध सोडून दिला तर वरून सोडलेला दगड ट सेकंदांत सुमारे ४.९ट² मीटर पडतो. दुसऱ्या सेकंदाच्या अखेरपासून तिसऱ्या सेकंदाच्या अखेरपर्यंत त्याचा सरासरी वेग २४.५ मीटर प्रति सेकंद भरतो. २ ते २.१ सेकंद या अवधीत तो २०.०९ आणि २ ते २.०१ या अवधीत १९.६४९ येतो. सीमा १९.६ आहे, आणि बरोबर दुसऱ्या सेकंदाच्या क्षणाचा वेग तो हाच. वाहनाच्या वेगमापकावरील काटा दाखवतो तो असा क्षणिक वेग असतो. एकूण अंतराला एकूण वेळेने भागून मिळतो तो छेदिकेचा चढ असतो.

चढ शून्य असलेल्या जागी वक्राचे शिखर किंवा तळ असू शकतो. २० मीटर कुंपणात जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत कसा घ्यावा, यासारखे प्रश्न याच आधारे सुटतात. एक बाजू क्ष घेतल्यास क्षेत्रफळ क्ष(१० − क्ष) होते; त्याचा चढ १० − २क्ष हा क्ष = ५ येथे शून्य आहे, म्हणून उत्तर चौरस. पण उलट विधान खरे नाही. य = क्ष³ चा चढ आरंभबिंदूशी शून्य असूनही तेथे शिखर नाही आणि तळही नाही.

जेथे चढ नसतो

प्रत्येक वक्राला प्रत्येक बिंदूशी चढ असतोच असे नाही. क्ष च्या केवलमूल्याचा आलेख व्ही या इंग्रजी अक्षरासारखा असतो. त्याच्या टोकाशी डावीकडून येणाऱ्या छेदिकांचा चढ −१ आणि उजवीकडून येणाऱ्यांचा +१ राहतो. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि तेथे चढ अस्तित्वात नाही. अशी टोके मोजकीच असणार, असा गणितज्ञांचाही दीर्घकाळ समज होता. १८७२ साली कार्ल वायरश्ट्रास यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे एक असे फलन मांडले, की ज्याचा आलेख कोठेही तुटत नाही आणि तरीही कोणत्याही बिंदूशी त्याला स्पर्शिका नाही. चित्र काढून पटणाऱ्या गोष्टींना सिद्धता का लागते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

इतिहास

ग्रीक गणितात अपोलोनियस यांनी शंकुच्छेदांच्या आणि आर्किमिडीज यांनी सर्पिलाच्या स्पर्शिकांचा विचार केला होता. प्रत्येक वक्रासाठी त्यांची रीत वेगळी असे; सर्व वक्रांना लागू पडणारी एक पद्धत त्यांच्यापाशी नव्हती.

भारतात हा प्रश्न भूमितीतून न येता ज्योतिषगणितातून आला. भास्कराचार्य (जन्म शके १०३६, इ. स. १११४) यांनी सिद्धान्तशिरोमणी या ११५० च्या ग्रंथात ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे. दोन दिवसांच्या स्थानांतील फरक हा त्या दिवसाची सरासरी गती देतो. चंद्राची गती मात्र दिवसभरातही लक्षणीय बदलते, त्यामुळे तिथी संपण्याची वेळ काढताना ही सरासरी पुरेशी ठरत नाही. भास्कराचार्यांनी त्या क्षणाची गती काढण्यासाठी ज्येतील फरक कोटिज्येच्या प्रमाणात घेतला. आजच्या भाषेत साइनच्या आलेखाचा चढ कोसाइन असतो, या नियमाशी ते जुळते. गतीतील दुरुस्तीचे मूल्य जेथे सर्वाधिक होते तेथे तिचा बदल शून्य असतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. भास्कराचार्यांनी कलनशास्त्र शोधले असे विधान कधी कधी केले जाते. ते अतिशयोक्त आहे, कारण कोणत्याही वक्राला लागू पडणारी सर्वसाधारण पद्धत किंवा सीमेची कल्पना त्यांच्या ग्रंथात नाही. तरीही सरासरी आणि क्षणिक यांतील भेद एका व्यावहारिक गरजेपोटी बाराव्या शतकात स्पष्टपणे मांडला गेला, ही गोष्ट स्वतःच मोठी आहे. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे.

युरोपात देकार्त यांचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्पर्शिकेचा प्रश्न समीकरणाच्या दुहेरी मुळांवर नेऊन ठेवला. य = क्ष² आणि य = २क्ष − १ यांना एकत्र सोडवले असता क्ष² − २क्ष + १ = ० येते, आणि त्याची दोन्ही मुळे १ असतात; छेदिकेचे दोन छेदनबिंदू एकमेकांत मिसळल्याची ही बैजिक खूण होय. त्याच सुमारास फर्मा यांनी वरील ह च्या रीतीशी मिळतीजुळती पद्धत वापरली. कोणाची पद्धत सरस यावरून दोघांत १६३८ मध्ये तीव्र वाद झाला. न्यूटन यांनी १६६५–६६ च्या सुमारास गतीच्या कल्पनेतून आणि लायब्निझ यांनी स्वतंत्रपणे, १६८४ च्या आपल्या लेखात, चढ काढण्याचे सर्वसाधारण नियम दिले.

नियमांची उत्तरे बरोबर येत होती, पण त्यांचे समर्थन डळमळीत होते. १७३४ मध्ये बिशप बर्कली यांनी नेमके त्यावर बोट ठेवले. भागाकार करताना ह शून्य नाही असे मानायचे आणि तो झाल्यावर उरलेला ह शून्य म्हणून पुसून टाकायचा, हे एकाच युक्तिवादात कसे चालेल? हा आक्षेप धर्मशास्त्रीय वादाच्या ओघात आला असला तरी गणित म्हणून तो रास्त होता, आणि त्याला पुरे उत्तर मिळण्यास जवळजवळ शतक लागले. १८२१ मधील कोशी यांच्या ग्रंथात सीमेला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि पुढे वायरश्ट्रास यांनी 'हवे तितके जवळ' या शब्दांना असमानतांच्या रूपात काटेकोर अर्थ दिला. आज विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला ह शून्याकडे नेण्यास सांगितले जाते. त्यावर त्याने बर्कलीचाच प्रश्न विचारला, तर तो उनाडपणा मानू नये.

पृष्ठभागाचा चढ

डोंगरउतारावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाशी चढ एकच नसतो. तो कोणत्या दिशेने पाऊल टाकतो यावर ते अवलंबून असते. भूगोलाच्या नकाशात समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा काढलेल्या असतात. अशा रेषेच्या दिशेने चालल्यास चढ शून्य असतो आणि तिला लंब दिशेने तो सर्वाधिक असतो. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर २० मीटर उंचीच्या फरकाच्या दोन लगतच्या समोच्च रेषा ४ मिलिमीटर अंतरावर असतील, तर प्रत्यक्ष आडवे अंतर २०० मीटर आणि चढ १:१० होतो. त्याच रेषा १ मिलिमीटरवर आल्या तर चढ १:२.५, म्हणजे ४० टक्के. सह्याद्रीच्या कड्यांवर या रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसतात, देशावरील पठारावर त्या विरळ होतात. पावसाचे पाणी समोच्च रेषांना लंब दिशेने वाहते, आणि मृदसंधारणाच्या कामात सलग समतल चर त्याच रेषांना धरून खणतात, जेणेकरून चराच्या लांबीत चढ शून्य राहील व पाणी जागच्या जागी मुरेल.